जंगलजेटी की पूल? दाभोळच्या खाडीचा हिशेब

प्रश्न असा आहे: "रेवस-रेडी सागरी महामार्गावर दाभोळ खाडीत पूल झाला की दाभोळ-धोपावे जंगलजेटी (गाड्या पलीकडे नेणारी बोट) बंद पडणार. पुलाला शेकडो कोटी लागणार. तो खर्च वसूल होईल का? आणि आम्हा काठच्या लोकांच्या पदरात नक्की काय पडेल?"

रस्ते आणि पुलांच्या नियोजनात माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी कोकणात. म्हणून आधी थेट उत्तर देतो. आज जेटीवर जेवढ्या गाड्या उभ्या राहतात, तेवढ्यांच्या जोरावर पुलाचा खर्च वसूल होत नाही, त्याच्या आसपासही जात नाही. तरीही पूल नकोच असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप हिशेबाच्या मांडणीवर आहे. पुलाची तुलना नेहमी रडतखडत चालणाऱ्या जेटीशी होते, चांगल्या चालवलेल्या जेटीशी कधीच होत नाही.

वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ आणि दक्षिणेला गुहागर तालुक्यातलं धोपावे. पूर्वी इथे माणसांसाठी 'तर', म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, होती. गाडीवाल्याला मात्र खेड-चिपळूण करून यावं लागे, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त वळसा. २००३ साली गाड्या नेणारी बोट सुरू झाली आणि हा वळसा संपला. पुढे वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, तवसाळ-जयगड या खाड्यांवरही अशाच बोटी आल्या. पुलाच्या हिशेबात पहिली चूक नेमकी इथे होते. पुलामुळे 'शंभर किलोमीटर वाचणार' असं अहवालात लिहिलेलं असतं. अहो, ते शंभर किलोमीटर जेटीने २००३ मध्येच वाचवले! पुलाने वाचणार आहे ती जेटीवरची वाट पाहणी, चढणं-उतरणं आणि खाडी ओलांडायची काही मिनिटं. खऱ्या अर्थाने वळसा वाचतो तो बोटीत न मावणाऱ्या अवजड ट्रकचा. जो माणूस जेटी असूनही आज चिपळूणमार्गे जातो, त्याच्या नावावरही अख्खा वळसा जमा करता येत नाही. जेटीपेक्षा तो रस्ता त्याला परवडतो म्हणूनच तो तिकडून जातो.

दुसरी चूक गाड्या मोजण्याची. एका खाडीवरच्या प्रस्तावाची कागदपत्रं माझ्याकडे तपासायला आली होती. खाडीचं आणि सल्लागाराचं नाव सांगत नाही. गाड्यांची संख्या बघून मी चक्रावलो. त्या जेटीच्या बोटींची सगळी क्षमता सकाळपासून रात्रीपर्यंत भरून वाहिली असती तरी एवढ्या गाड्या पलीकडे गेल्या नसत्या. मोजणीच्या तारखा पाहिल्या आणि उलगडा झाला. दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस रांगेतल्या गाड्या मोजल्या होत्या आणि त्या आकड्याला ३६५ ने गुणलं होतं. कोकणात दिवाळी, नाताळ, मे महिना आणि गणपती एवढेच दिवस जेटीवर जत्रा असते. जुलैच्या एखाद्या मंगळवारी जाऊन बघा, बोट सुटायला गाड्यांची वाट बघत थांबलेली असते.

आता थोडं गणित करू. हे आकडे दाभोळच्या अंदाजपत्रकातले नाहीत. रीत कळावी म्हणून धरलेले आहेत, तुम्ही त्यांच्या जागी खरे घाला. समजा पूल आणि दोन्हीकडचे जोडरस्ते मिळून ८०० कोटी. सार्वजनिक पैशावर वर्षाला ८ टक्के परतावा आणि पुलाचं आयुष्य ६० वर्षं धरलं, तर भांडवलाचा वार्षिक बोजा साधारण ६५ कोटी येतो. देखभालीचे ४ कोटी मिळवले की ६९. दुसऱ्या बाजूला चांगली जेटी ठेवायची म्हणजे दोन बोटी फिरत्या, एक राखीव, दोन्ही काठांना ओहोटीतही गाडी उतरेल असे उतार, गाळ काढणं आणि रात्रपाळीचे खलाशी. भांडवल ६० कोटी आणि वर्षाचा चालवण्याचा खर्च ८ कोटी धरा. बोटींचं आयुष्य २५ वर्षं धरलं तर वर्षाला १३-१४ कोटी. फरक उरला वर्षाला ५५ कोटींचा, म्हणजे दिवसाला १५ लाख रुपये. पुलावरून रोज हजार गाड्या गेल्या तर प्रत्येक गाडीमागे, चांगल्या जेटीच्या तुलनेत, दीड हजार रुपयांचा फायदा दाखवावा लागेल. तीन हजार गाड्या असतील तर पाचशेचा, पाच हजार असतील तर तीनशेचा.

अर्धा-पाऊण तास वाचल्याचा तीनशे रुपये फायदा भरलेल्या जीपच्या बाबतीत पटण्यासारखा आहे. दीड हजार कुणालाच पटणार नाही. मग रोज पाच हजार गाड्या येणार कुठून? एका बोटीत पंधरा गाड्या, जाऊन-येऊन तासाभराची एक खेप आणि चौदा तासांचा दिवस धरला तर एक बोट दिवसाला सव्वाचारशेच्या आत-बाहेर गाड्या नेते. दोन बोटी तुडुंब भरल्या तरी साडेआठशे. उरलेल्या सगळ्या गाड्या 'नव्याने येणाऱ्या' असणार. त्यांच्यासाठी आमच्या धंद्यात 'अर्ध्याचा नियम' आहे. जो आधीपासून ये-जा करतो त्याला वाचलेला सगळा वेळ आणि पैसा मिळतो. पूल झाला म्हणून जो नव्याने निघाला, त्याला आधी हा प्रवास तितका मोलाचा वाटत नव्हता, नाहीतर तो बोटीनेच गेला असता. म्हणून त्याचा फायदा सरासरीने निम्माच धरायचा. प्रस्तावांतून हा नियम जितक्या वेळा गायब झालेला मी पाहिलाय, तितक्या वेळा दुसरं काही गायब झालेलं पाहिलं नाही.

आणखी दोन गोष्टी हिशेबात दोनदा धरल्या जातात. जेटीचं तिकीट वाचलं हा गाडीवाल्याचा फायदा, पण तेच बोटवाल्याचं बुडालेलं उत्पन्न असतं. समाजाची खरी बचत म्हणजे बोटीचं डिझेल, पगार आणि दुरुस्ती, आणि ती वरच्या १३-१४ कोटींत आलेली आहे. तसंच जमिनीचे भाव. पुलाच्या नुसत्या बातमीने गुंठ्याचे भाव चढतात हे खरं. पण ती चढण म्हणजे वाचणाऱ्या वेळाचंच जमिनीत उतरलेलं रूप असतं. वेळही मोजायचा आणि जमीनही मोजायची, हे एकाच आंब्याचे दोनदा पैसे घेण्यासारखं झालं.

एवढं ऐकून वाटेल की म्हातारा पुलाच्या विरोधात आहे. तसं नाही. मिनिटांच्या हिशेबात न मावणारी एक गोष्ट आहे आणि ती काठच्या माणसाला सगळ्यांत आधी कळते. जुन्या लोकांत एक बोलणं होतं, 'तर चुकली की वस्ती'. शेवटची तर गेली की पलीकडे बहिणीकडे, मेहुण्याकडे, नाहीतर धक्क्यावरच्या ओळखीच्या घरात रात्र काढायची. आज जंगलजेटी रात्री बऱ्याच उशिरापर्यंत असते, तरी शेवटची फेरी ही शेवटचीच. त्यानंतर मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखलं तर समोर दिसणारा काठ गाडीसाठी पुन्हा शंभर किलोमीटर लांब जातो. माणूस आपले व्यवहारही त्या शेवटच्या फेरीला बांधून घेतो. संध्याकाळची शिकवणी धरत नाही, पलीकडची नोकरी घेत नाही, लग्नाच्या जेवणावरून लवकर उठतो. पंधरा मिनिटांची खाडी तासाभराची झाली तर माणूस सहन करतो. 'मिळेल की नाही' हे मात्र त्याला सहन होत नाही. वाट पाहण्यातलं एक मिनिट प्रवासातल्या दीड-दोन मिनिटांइतकं मोजायचं, असा आमच्या शास्त्राचा संकेत आहे. बोट मिळण्याचीच खात्री नसेल तर मी तो गुणक आणखी वाढवीन. जोरदार वारा, दाट पाऊस, बिघडलेलं इंजिन, उधाणाच्या ओहोटीत धक्क्यापाशी टेकलेली बोट, हे सगळं त्या अनिश्चिततेतच येतं. पुलाचा सगळ्यांत मोठा फायदा इथेच आहे. पूल रात्री दोन वाजताही जागेवर असतो.

पण आता एक प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता खाडी ओलांडता यावी एवढंच हवं असेल, तर त्याची किंमत वर्षाला ५५ कोटी आहे का? रात्रपाळीचे चार खलाशी आणि बोट हाकणारा एक सारंग धक्क्यावर झोपायला ठेवले, रुग्णवाहिकेचा फोन आला की बोट सोडायची, ठरलेल्या दोन फेऱ्या मध्यरात्रीनंतरही करायच्या, तर याचा खर्च कोटींत गेला तरी एक-दोनच्या पुढे जाणार नाही. मग हे होत का नाही? कारण बोट चालवणाऱ्याला रात्रीची रिकामी फेरी परवडत नाही, आणि सरकारच्या लेखी पुलाला 'प्रकल्प' म्हणून पैसा आहे, फेरीला नाही. पुलावरून जाणारा फुकट जातो किंवा थोडा टोल भरतो, बाकीचा बोजा तिजोरी उचलते. बोटीने जाणारा मात्र जवळजवळ सगळा खर्च तिकिटातून देतो. खाडी तीच, माणूस तोच आणि तिजोरीही तीच असताना नियम मात्र दोन.

गोव्यात हे वेगळ्या रीतीने होतं. तिथला नदी परिवहन विभाग सरकारी फेरीबोटी चालवतो. दिवाडीला जा, चोडणला जा, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. त्या फेरीच्या रांगांबद्दल गोवेकर पोटभर तक्रारी करतात, करायलाच हव्यात. पण खाडी ओलांडणं हा रस्त्याचाच भाग आहे, हे तिथे मान्य झालेलं आहे. २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटीही (गाड्या थेट चढतात-उतरतात अशा) आणल्या. पुलाच्या खर्चाचा दहावा हिस्सा दरवर्षी आपल्या खाड्यांवर घातला तर काय होईल, हे कोकणात कुणी करूनच बघितलेलं नाही. म्हणून पुलाची तुलना कशाशी होते आहे, हे मी पुन्हा पुन्हा विचारतो.

गोव्याचाच विषय निघालाय तर मांडवीबद्दल बोलायलाच हवं. पणजीचा नेहरू पूल १९७० मधला. ५ जुलै १९८६ ला तो कोसळला आणि सोळा वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या फेरीबोटींना पुन्हा लोक वाहावे लागले. नवा पूल १९९२ ला उभा राहिला. झुआरीवरचा १९८३ चा पूलही अशक्त झाला आणि त्यावरून अवजड वाहनं वर्षानुवर्षं बंद ठेवावी लागली. नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला व्हायला लागला. खाडीच्या तोंडावरची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतलं पोलाद गंजून फुगतं आणि वरचा थर सोलवटतो. गंज बाहेरून दिसायला लागतो तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. मी वर ६० वर्षांचं आयुष्य धरलं ते देखभाल वेळेवर होईल या भरवशावर. ही देखभाल अंदाजपत्रकात पहिल्या वर्षी असते, दहाव्या वर्षी तिला कात्री लागलेली असते. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. बोट बुडू शकते तसा पूलही पडू शकतो. मात्र पूल असला की दुसरी सोय कुणी ठेवत नाही.

बाणकोट खाडीतला अर्धवट पूल तर तुम्ही बोटीतून जाता-येता बघितलाच असेल. खांब उभे राहिले, काम रखडलं आणि वेसवी-बागमांडला बोट शेजारून जात राहिली. अर्धवट पुलाचा खर्च पूर्ण असतो आणि फायदा शून्य. पूल हा प्रकार निम्मा घेता येत नाही. बोटी एक-एक करून वाढवता येतात, नाही चालल्या तर दुसऱ्या खाडीवर नेता येतात, विकता येतात. भविष्याचा अंदाज जितका डळमळीत, तितकी ही लवचिकता मोलाची.

आता काठच्या लोकांचं. तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पूल बहुधा धक्क्याच्या जागी येत नाही. खडक कुठे लागतो, पात्र कुठे आवळलंय, बोटींना खालून जायला किती उंची लागते, यावर त्याची जागा ठरते. उंची वाढली की जोडरस्ते लांबतात आणि पुलाची दोन्ही टोकं गावापासून दूर जाऊन पडतात. गाडीवाल्याला तीन किलोमीटरने काही फरक पडत नाही. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या वाड्यांत विकायला जाणाऱ्या बाईला पडतो. कॉलेजला जाणाऱ्या पोरांना पडतो. आज ती धक्क्यावर उतरून चालत बाजारात जातात. उद्या पुलाच्या तोंडाशी रिक्षा, पूल, पुन्हा रिक्षा. 'पूल झाला' या आनंदात फेरी बंद झाली की ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचा प्रवास महागतो. एकूण बेरजेत हे दिसत नाही, कारण त्यांच्या वाचलेल्या किंवा वाया गेलेल्या तासाचा दर आम्ही कमी धरलेला असतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण पद्धत तशीच आहे.

धक्क्यावरचे भजी-चहावाले, तिकीटवाले, खलाशी यांचं नुकसान खरं आहे. मात्र निर्णय त्यावर फिरवू नये. ते नुकसान मोजता येतं आणि भरूनही देता येतं. उलट एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही. दाभोळच्या अरुंद गल्ल्यांतून मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची जी रांग धक्क्यापर्यंत लागते, ती पुलामुळे गावाबाहेर जाईल. घराच्या ओट्यासमोर दोन तास धूर सोडत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

बाहेरची दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडच्या स्काय बेटाला १९९५ मध्ये पूल मिळाला. त्याच दिवशी मुख्य फेरी थांबली आणि दुसरा मार्ग उरला नसताना पुलावर जबर टोल बसला. लोकांनी टोल भरायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००४ च्या डिसेंबरात टोल काढून टाकावा लागला. त्याच बेटावर जाणारी एक छोटी, हाताने फिरवायच्या डेकची जुनी बोट मात्र स्थानिकांनी आपल्या ताब्यात घेऊन पर्यटकांसाठी चालू ठेवली. ती अजून चालते. बांगलादेशात २५ जून २०२२ ला ६.१५ किलोमीटरचा पद्मा पूल खुला झाला. दक्षिण-पश्चिमेचे जिल्हे ढाक्याला सरळ जोडले गेले, आणि ढाक्याच्या सदरघाटावरून बरिशालला जाणाऱ्या लाँचचे प्रवासी बघता बघता बसकडे वळले. तिथे पूल सार्थ ठरला, कारण पलीकडे कोट्यवधी माणसं होती आणि फेरीवर ट्रक तासन् तास अडकत. आपल्या खाडीपलीकडे गुहागर तालुका आहे. दोन्हींना एकच फूटपट्टी लावून चालणार नाही.

पुलाच्या बाजूने मला सगळ्यांत वजनदार वाटणारा मुद्दा दाभोळपुरता नाहीच. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून रेवस ते रेडी सलग सागरी मार्गाचं बोलणं चालू आहे. करंजा-रेवस, रेवदंडा, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड अशा सगळ्या खाड्या खरोखरच एका वेळी जोडल्या गेल्या, तर प्रत्येक पुलाची किंमत बाकीच्यांमुळे वाढते. हर्णैची मासळी आणि गुहागरचा आंबा मुंबई-गोवा महामार्गाकडे न वळता किनाऱ्याने मुंबईकडे निघू शकतो. मग रोज पाच हजार गाड्या हा आकडा हसण्यासारखा राहत नाही. पण साखळीतली एक कडी तुटकी राहिली तर बाकीच्या पुलांचा हिशेब पुन्हा स्थानिक गाड्यांवर येतो. बाणकोट अर्धवट आणि दाभोळ पूर्ण, असं झालं तर दाभोळचा पूल हा एक सुंदर, रिकामा पूल असेल. म्हणून माझं मत आहे की दाभोळचा पूल सुटा मंजूर करू नये. उत्तरेकडून क्रमाने यावा, बाणकोट आधी.

जनसुनावणी झाली तर तुम्ही ग्रामपंचायतीतर्फे चार गोष्टी लेखी मागा. वाहनगणती पावसाळ्यातल्या साध्या दिवसांची दाखवा म्हणावं. तुलना सुधारलेल्या जेटीशी करा, चिपळूणच्या वळशाशी नको. पुलाच्या दोन्ही तोंडांपासून दाभोळ बाजार आणि धोपावे धक्क्यापर्यंत एसटीची फेरी पहिल्या दिवसापासून असेल असं लिहून द्या. आणि पूल सुरू झाल्यावर किमान पाच वर्षं माणसांची छोटी बोट धक्का ते धक्का चालू ठेवायची, तिचा खर्च पुलाच्या देखभालीच्या शीर्षात धरायचा. एवढं मान्य होत असेल तर मी तुमच्या जागी पुलाच्या बाजूने सही करीन. आणि होत नसेल, तर पूल येईपर्यंतची जी दहा वर्षं जाणार आहेत, त्यांच्यासाठी रात्रीची बोट आजच मागून घ्या. तिला भूसंपादन लागत नाही.